शिष्यवृत्ती मंजूर झाली, मग पैसे कुठे अडले?

वाचकांचे प्रश्न : शिक्षणाचा खर्च

निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटतो. कुठला कोर्स, कुठलं कॉलेज हे प्रश्न मागे पडतात आणि पैशांचे प्रश्न पुढे येतात. या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक मुलं-मुली कुठल्या ना कुठल्या योजनेला पात्र आहेत. त्यांचं घोडं अडलंय ते एखाद्या दाखल्यावर, बँकेच्या खात्यावर नाहीतर चुकलेल्या तारखेवर. म्हणून जिथे अडतं तिथेच उत्तरं लांबवली आहेत. अर्जाच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्या त्या-त्या योजनेच्या पोर्टलवरच पाहाव्यात.

प्रश्न : मी चार घरी पोळ्या करते, मिस्टर भाड्याची रिक्षा चालवतात. मुलगी बारावी सायन्स झाली, तिला बी.फार्मसी करायचंय. आम्ही ओबीसी. मुलींची फी माफ झाली म्हणतात ते खरं का? आणि आमच्याकडे पगाराची चिठ्ठी नाही, मग उत्पन्नाचा दाखला कोण देणार?
(जनता वसाहत, पर्वती)

ताई, फीमाफी खरी आहे, पण अटींसकट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची शंभर टक्के प्रतिपूर्ती मिळते. त्याआधी ती पन्नास टक्के होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या किंवा संस्था स्तरावर भरलेल्या जागेला ही सवलत नाही. "फेरीची वाट कशाला बघता, ओळखीने थेट जागा मिळवून देतो" असं कुणी म्हणालं, तर ती ओळख तुम्हाला चार वर्षांची पूर्ण फी भरायला लावील.

माफी दोनच शीर्षांची असते. विकास शुल्क, अनामत, ओळखपत्र, ॲप्रन, पुस्तकं, बसचा खर्च तुमच्याच खिशातून जाणार. म्हणून प्रवेशाच्या दिवशी कॉलेजकडून फीचा शीर्षवार तक्ता मागून घ्या. नुसता एकूण आकडा ऐकून परत येऊ नका.

आता दाखला. पगाराची चिठ्ठी नसली म्हणून तहसीलदार दाखला नाकारत नाहीत. 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा जवळच्या महा ई-सेवा केंद्रातून अर्ज करायचा. सोबत रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डं, राहत्या जागेचा पुरावा आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र. घरकाम, रोजंदारी, भाड्याची रिक्षा असं काम असेल तर तलाठ्याच्या चौकशी अहवालावरून दाखला मिळतो. लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत तो मिळायला हवा, तेव्हा अर्जाची पावती जपून ठेवा. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठीचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं. पाचशेच्या स्टँपपेपरचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

दाखल्यात चुका होतात त्या ठरलेल्या. एक, त्यात एकट्या वडिलांचंच उत्पन्न दाखवलेलं असतं. दोघांचं मिळून लागतं, आणि तुमच्या पोळ्यांचे पैसेही उत्पन्नच आहे. दोन, मोठ्या भावाच्या वेळचा जुना दाखला जोडला जातो. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे नवं आर्थिक वर्ष लागलं की एप्रिल-मे मध्येच नवा काढा. जूनमध्ये सेतू केंद्रांवर रांगा लागतात. तीन, दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांच्या स्पेलिंगमध्ये फरक असतो. केंद्रातून उठण्याआधी अर्जाची प्रिंट हातात घ्या आणि मुलीला एकेक अक्षर ताडून बघायला सांगा.

फार्मसीसाठी आणखी दोन कागद लागतील, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र. सगळ्यांत जास्त वेळ वैधतेला लागतो. पुणे जिल्ह्याची पडताळणी समिती विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. पण तुमचं मूळ गाव सोलापूर किंवा बीडकडचं असेल आणि जातीचा दाखला तिकडचा असेल, तर अर्ज तिकडच्या जिल्ह्याच्या समितीकडे जातो. पुण्यात राहतो म्हणून पुण्याच्या समितीकडे अर्ज केला आणि दोन महिने वाया गेले, असं दर वर्षी घडतं. धाकटं भावंड अकरावीत असेल तर त्याच्या वैधतेचा अर्ज कॉलेजच्या पत्रासह आत्ताच करून टाका.

प्रश्न : महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, माझा अर्ज मंजूर दिसतो. मित्राचे पैसे आले, माझे नाहीत. बँकेत तीनदा जाऊन आलो. ते म्हणतात, आधार लिंक आहे. मग चुकतंय कुठे?
(बी.ए. दुसरे वर्ष, हडपसर)

तुझ्या बँकेतले लोक खोटं बोलत नाहीत, पण तू विचारतोस ते वेगळं आणि ते सांगतात ते वेगळं. खात्याला आधार जोडलेलं असणं ही केवायसीची, म्हणजे खातेदाराची ओळख पटवण्याची बाब झाली. सरकारी पैसे थेट खात्यात येतात (याला डीबीटी म्हणतात) ते एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या यादीवरून. तुझा आधार क्रमांक कुठल्या बँकेकडे दाखवायचा, हे त्या यादीत ठरतं. याला सीडिंग म्हणतात. एका आधारपुढे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं आणि ज्या बँकेला शेवटची संमती दिली, तिचंच नाव तिथे राहतं. अर्जात तू पासबुक कुठलंही जोडलेलं असलं तरी पैसे त्या यादीतल्या बँकेतच जाणार.

आज रात्री एवढं कर. मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' उघड. तिथे बँकेचं नाव दिसेल आणि ते चालू आहे की बंद तेही. ओटीपीच येत नसेल, तर आधारला जोडलेला मोबाईल नंबर जुना आहे. तो आधी आधार केंद्रात बदलून घ्यावा लागेल.

बरेचदा तिथे भलत्याच बँकेचं नाव निघतं. नवं सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि सरकारी अनुदान त्यात जमा करायच्या संमतीवरही तिथेच टिक केलेली असते. तसं असेल तर आधी त्या खात्यात डोकावून बघ. पैसे तिथे येऊन पडलेले असण्याची शक्यता बरीच आहे. त्यानंतर आपल्या बँकेत जाऊन 'आधार लिंक करा' असं न म्हणता 'डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंगचा फॉर्म द्या' असं म्हण. फॉर्ममध्ये आधीच्या बँकेचं नाव विचारतात, ते भर. शिक्का मारलेली पोच घे. आठवड्याभराने पुन्हा स्टेटस तपास आणि तिथे नाव बदललेलं दिसेपर्यंत काम झालं असं समजू नकोस.

सीडिंग बरोबर निघालं, तर खात्याच्या तब्येतीकडे बघ. शाळेत असताना उघडलेलं खातं अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी केल्याशिवाय चालत नाही. दोन वर्षं एकही व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. आणि अपुऱ्या कागदांवर उघडलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल तर त्यात एका वेळी पन्नास हजारांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होत नाही. ही मर्यादा भरली की पैसे जमा व्हायला अडचण येऊ शकते. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी केलं की ही अट सुटते.

आणखी एक. तू अनुसूचित जातीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत असशील, तर केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट तुझ्या खात्यात येतो, राज्याचा चाळीस टक्के वेगळा येतो. खात्यात आलेली सगळी रक्कम तुझी नसते. त्यात तुझा निर्वाह भत्ता असतो आणि कॉलेजची फीही असते. फीचा भाग सात दिवसांत कॉलेजात भरून पावती घ्यायची असते. हे माहीत नसल्यामुळे मुलं आलेले पैसे घरच्या अडचणीला देऊन मोकळी होतात आणि परीक्षेच्या तोंडावर बाकी निघते. पैसे आले त्याच दिवशी कॉलेजच्या लेखा विभागात जाऊन 'माझ्या नावे फी किती?' हे विचार आणि तेवढी रक्कम बाजूला काढ.

प्रश्न : नेट कॅफेवाला सगळं करून देतो, २०० रुपये घेतो. त्याचाच मोबाईल नंबर टाकला तर चालेल का?
(येरवडा)

नाही. फॉर्म भरून घेतलास तरी हरकत नाही, पण नंबर, ईमेल आणि पासवर्ड तुझेच हवेत. अर्ज त्रुटीसाठी परत आला की मेसेज त्या नंबरवर जातो. कॅफेवाल्याच्या फोनमध्ये असे शंभर मेसेज पडलेले असतात. "शिष्यवृत्ती मंजूर आहे, आधी दीड हजार भरा" असा फोन आला तर तो ठगाचाच. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर तक्रार नोंदव.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातून पुण्यात बी.एस्सी.ला आलोय. अनुसूचित जाती, वडिलांचं उत्पन्न ९० हजार. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही. कॉट बेसिसवर राहतो, कॉटचे ३,५०० आणि मेसचे ३,२०० जातात. घरून महिन्याला दोन हजारच येऊ शकतात. परत जावं का?
(धनकवडी)

परत जायचा विचार आत्ता करू नकोस. तुझ्यासारख्यांसाठीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ज्याला शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे आणि जो स्वतःच्या गावाबाहेर शिकतो, त्याला पुण्यासारख्या शहरात भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. शैक्षणिक साहित्याचे वर २,००० मिळतात. आधीच्या परीक्षेत किमान पन्नास टक्के आणि कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. तुझ्या खोलीतली मुलं इतर प्रवर्गांतली असतील तर त्यांनाही सांग. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

स्वाधारला तू पुण्यात भाड्याने राहतोस याचा कागद द्यावा लागतो. कॉट बेसिसचे मालक करारनामा करायला कां-कूं करतात. हे अनामत रक्कम देण्याआधी विचारायचं असतं, नंतर विचारलं की कुणी दाद देत नाही. अजून वेळ आहे, मालकांशी नीट बोल. ते नाहीच म्हणाले तर 'करार देतो' असं आधीच मान्य करणारी जागा शोध. वसतिगृहाच्या अर्जाचा क्रमांक आणि त्याची प्रिंटही जपून ठेव.

आता खरी अडचण. हे पैसे आगाऊ येत नाहीत. प्रवेश, अर्ज, छाननी, हजेरीचा अहवाल या वाटेने ते उशिरा येतात. तुझा कॉट आणि मेसचा खर्च ६,७०० आहे. बस, फोन, झेरॉक्स, साबण-तेल धरून तो ८,२०० च्या आसपास जाईल. सहा महिन्यांचे झाले ४९,२००, त्यात घरून येणार बारा हजार. राहिलेले ३७,२०० कुठून आणायचे, याचं उत्तर जूनमध्येच ठरवावं लागतं. वर्षाचे साठ हजार मिळणार म्हणून महिन्याला पाच हजार खर्चायला मोकळे, असा हिशेब केला की दिवाळीपर्यंत उसनवारी सुरू होते.

मेसपासून सुरुवात कर. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ देऊन थोडी सूट मिळते, पण गावी गेलास की खाडे धरतात का ते आधी विचार. खाडे न धरणारी मेस स्वस्त दिसते आणि महाग पडते. दोघांत एक डबा आणि खोलीवर भात, असं करणारी बरीच मुलं आहेत. हा उपाय चालतो, फक्त परीक्षेच्या महिन्यात पोटाला मारू नकोस. कमाईसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील 'कमवा आणि शिका' योजना तुझ्या कॉलेजात आहे का, हे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचार. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात रोज ठरावीक तासांचं काम मिळतं. ते कॉलेजच्या आवारातच असल्यामुळे तासिका बुडत नाहीत आणि हजेरीही शाबूत राहते. रात्रपाळीच्या कामाला महिन्याकाठी जास्त पैसे मिळतील, पण सकाळची हजेरी पंचाहत्तरच्या खाली गेली तर साठ हजारांवर पाणी पडेल.

पुढच्या वर्षीच्या राहण्यासाठी १९५५ पासून काम करणाऱ्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थांच्या वसतिगृहांची चौकशी मे महिन्यातच कर. तिथे घरची परिस्थिती आणि मुलाखत बघून प्रवेश होतो. या शहरात मधुकरी मागून, वार लावून जेवून शिकलेल्यांच्या पिढ्या होऊन गेल्या आहेत. मदत मागायला संकोचू नकोस.

प्रश्न : वडील गवंडी, आई त्यांच्याच हाताखाली बिगारी. मला बारावीला ८३ टक्के, बी.कॉम.ला प्रवेश घेतला. कामगारांच्या मुलांना काही मिळतं का?
(वारजे)

मिळतं, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच बहुधा माहीत नसतं. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,००० रुपये शैक्षणिक सहाय्य आहे. अभियांत्रिकीला ६०,०००, वैद्यकीयला एक लाख. नोंदणीसाठी गेल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते ठेकेदार किंवा महापालिकेचा नेमलेला अधिकारी देतो. ठेकेदार सहीला टाळाटाळ करतात, कारण सही म्हणजे आपल्या गळ्यात काही पडेल असं त्यांना वाटतं. सध्याचा नाही म्हणाला तर आधीच्या साइटवरच्या ठेकेदाराकडे जा, दिवस मिळून नव्वद भरले की झालं. नोंदणी दर वर्षी जिवंत ठेवावी लागते. तुझा अर्ज करायच्या दिवशी वडिलांच्या कार्डाची मुदत संपलेली असेल तर अर्ज तिथेच बाद होतो, म्हणून आधी कार्डावरची तारीख बघ.

शिवाय तू वारज्याची, म्हणजे पुणे महापालिकेच्या हद्दीतली. पालिकेची लोकशाहीर अण्णाभाऊ साठे योजना बारावीनंतर पुढे शिकणाऱ्यांसाठी आहे, रक्कम २५,०००. खुल्या गटाला ऐंशी टक्क्यांची अट आहे, ती तू पार केलीस. मागासवर्गीय, रात्रशाळेतले आणि पालिकेच्या शाळांतले विद्यार्थी सत्तर टक्क्यांवर पात्र ठरतात. धाकटं भावंड दहावीत असेल तर त्याच्यासाठी मौलाना अबुल कलाम आझाद योजना आहे. अर्ज पालिकेच्या डीबीटी पोर्टलवर.

केंद्राच्या एनएसपी (राष्ट्रीय शिष्यवृत्ती) पोर्टलवरची सेंट्रल सेक्टर शिष्यवृत्तीही बघून ठेव. बोर्डाच्या आपल्या शाखेत ऐंशी पर्सेंटाइलच्या वर (ऐंशी टक्के गुण नव्हे, शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढे) असणाऱ्यांना, कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास, पदवीची तीन वर्षं दर वर्षी १२,००० मिळतात. मात्र ती घेताना दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी चालत नाही. दोन्हींकडे अर्ज करून दोन्हींचे पैसे आले तर वसुली निघते. तुझी अनुदानित बी.कॉम.ची फी काही हजारांचीच असेल. तेव्हा फीमाफीचा मोह सोडून कुठल्या योजनेत हातात जास्त पडतं हे कागदावर मांड आणि मग एकच निवड.

प्रश्न : एका कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, नंतर कॅपच्या पुढच्या फेरीत घराजवळचं कॉलेज मिळालं. पहिलं कॉलेज म्हणतं, फी परत मिळणार नाही, मूळ कागदपत्रंही नंतर.
(चिंचवड)

प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी रद्द केलात तर एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी फी परत करावी लागते. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला परवानगी नाही. तोंडी भांडू नका. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक आणि तारीख टाकून पोच घ्या. हातात पोच असली की बहुतेक ठिकाणी दोन दिवसांत काम होतं. नाहीच झालं तर तीच पोच जोडून तंत्रशिक्षण विभागाच्या विभागीय कार्यालयात तक्रार करा. आणि रद्द केल्याची नोंद पोर्टलवर झाली का ते बघा, नाहीतर महाडीबीटीवर मुलाचं नाव जुन्याच कॉलेजात अडकून राहतं.

प्रश्न : मुलीसाठी तीन लाखांचं शैक्षणिक कर्ज घ्यावं लागेल. व्याजाची भीती वाटते.
(कोथरूड)

भीती आकड्यांत मांडली की तिला तोंड देता येतं. समजा तीन वर्षांचा कोर्स आहे, दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचललं आणि व्याज नऊ टक्के. कोर्सची तीन वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चढत राहतं. पहिल्या लाखावर चार वर्षांचे ३६,०००, दुसऱ्यावर २७,०००, तिसऱ्यावर १८,०००. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी देणं ३,८१,००० होतं. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ६,१३० बसतो. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर हप्ता ४,८२७ वर येतो. पहिल्या वर्षी महिन्याला ७५०, तिसऱ्या वर्षापासून २,२५० एवढीच त्याची झळ असते.

कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर हप्ता सुरू होण्याआधीच्या काळातलं व्याज भरणारी केंद्राची योजना आहे. तिचा अर्ज कर्जाच्या वेळीच करा, बँक आपणहून क्वचितच सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे, पण ती यादीतल्या संस्थांपुरतीच. कॉलेजचं नाव यादीत आहे का ते आधी पाहा. चार लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचं कारण नाही. नकार दिला तर तो लेखी मागा.

प्रश्न : मी कॉलेजात शिकवतो. वर्गातल्या निम्म्या मुलांचे अर्ज अर्धवट राहतात. शिक्षक म्हणून नेमकं काय करता येईल?
(राजगुरुनगर)

सर, तुम्ही विचारलंत हेच फार मोलाचं आहे. मार्गदर्शन शिबिर घेऊन, पाहुणे बोलावून फारसं हाती लागत नाही. मुलं माना डोलावतात आणि घरी जाऊन पहिल्याच पानावर अडकतात. त्याऐवजी प्रवेशाच्या पंधरवड्यात कार्यालयाबाहेर रोज दोन तास एक टेबल लावा. वरच्या वर्गातली दोन मुलं, एक लॅपटॉप, बरा कॅमेरा असलेला एक फोन. महाडीबीटीला प्रत्येक कागद १५ ते २५६ केबीमध्ये लागतो. फोनवर काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, तो चढत नाही आणि 'साइट बंद आहे' असं समजून मूल उठून जातं. फाइल लहान कशी करायची, हे तिथल्या तिथे दाखवलं की निम्मं काम होतं.

मुलाला टेबलाशी बसवल्यावर पहिला कागद गुणपत्रिकेचा घ्या आणि शेजारी आधार ठेवा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, त्याने बिघडत नाही. बिघडतं ते वडिलांचं नाव एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी नसण्याने किंवा एखाद्या अक्षराच्या फरकाने. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा गुणपत्रिका बरोबर आहे ना याची खात्री करूनच मुलाला आधार केंद्रावर पाठवा. दुसरं, सीडिंग स्टेटस तिथेच तपासा. अर्ज भरण्याआधी हे झालं तर वर उत्तर दिलंय तसली पायपीट टळते.

एक वही ठेवा. नाव, योजना, अर्ज क्रमांक, सध्या कुणाकडे, पुढची तारीख, एवढेच रकाने. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला येतो, तिथून प्राचार्यांकडे, मग विभागाकडे. दर शुक्रवारी लिपिकांजवळ बसून किती अर्ज त्यांच्याकडे थांबलेत आणि किती त्रुटीसाठी परत गेलेत, हे वहीत उतरवा. परत गेलेल्या अर्जाची मुदत थोडी असते आणि मुलांचे मोबाईल रिचार्ज संपलेले असतात. त्या मुलाला वर्गात गाठा, बाजूला घेऊन सांगा. फलकावर जात किंवा उत्पन्न लिहिलेली यादी लावू नका. आधारच्या प्रती व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका, कुणाचा पासवर्डही वहीत लिहू नका.

जमलं तर माजी विद्यार्थ्यांकडून एक लहान निधी उभा करा, पन्नास हजारही पुरेत. तो फीसाठी ठेवू नका. परीक्षेचा फॉर्म, बसचा पास, चष्मा, आजारपण अशा दोन-तीन हजारांच्या अडचणींसाठी ठेवा, कारण तेवढ्यासाठीच मूल परीक्षेला बसायचं राहतं. अर्ज एका पानाचा असावा, निर्णय दोन दिवसांत, सह्या दोघांच्या. पैसे देताना फोटो नको. शिष्यवृत्ती जमा झाली की मूल ती रक्कम परत करेल अशी अपेक्षा ठेवा, सक्ती करू नका. वहीत त्यासाठी एक रकाना वाढवा आणि तो फक्त तुम्ही आणि दुसरी सही करणारे बघतील एवढं पाहा.